हेडफोन अँप्लिफायरसाठी ट्यूब निवडताना पैसा कुठे लावावा आणि कुठे लावू नये

ट्यूबवर, म्हणजे निर्वात काचनळीवर, चालणारा हेडफोन अँप्लिफायर घरी आला की थोड्याच दिवसांत ट्यूब बदलून पाहण्याचा विचार मनात येतो. ट्यूब सॉकेटमधून सहज काढता येते, तिच्या जागी दुसरी बसवता येते, आणि बाजारात एकाच क्रमांकाच्या दोन ट्यूबच्या किमतींत दहापट किंवा त्याहूनही अधिक अंतर आढळते. किमतीत एवढे अंतर असेल तर आवाजातही तेवढेच असणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात जुन्या ट्यूबची किंमत मुख्यतः तिची दुर्मिळता, तिच्यावरील कारखान्याचे नाव आणि संग्राहकांची मागणी यांवर ठरते, आणि या तिन्ही गोष्टींचा तुमच्या अँप्लिफायरमध्ये ती ट्यूब कशी वागेल याच्याशी फार थोडा संबंध असतो. म्हणून माझ्या मते निवडीचा क्रम असा असावा की आधी अँप्लिफायरचे सर्किट समजून घ्यावे, मग त्याला चालणारे क्रमांक शोधावेत, त्यानंतर हातात येणाऱ्या ट्यूबची प्रकृती आणि शांतता तपासावी, आणि उत्पादकाचे नाव अगदी शेवटी विचारात घ्यावे. खर्च वाढतो तो बहुधा हा क्रम उलटा झाल्यामुळे.

ट्यूबचे काम समजायला कठीण नाही. काचेच्या आतील हवा काढून टाकलेली असते. आत एक हीटर कॅथोडला तापवतो, तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि उच्च धन विद्युतदाबावर असलेल्या प्लेटकडे ओढले जातात. या दोहोंच्या मध्ये तारांची बारीक जाळी, म्हणजे ग्रिड असते. ग्रिडवरील दाबात किंचित बदल झाला तरी प्लेटकडे जाणारा प्रवाह बराच बदलतो, आणि यालाच आपण प्रवर्धन म्हणतो. जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये दोन इलेक्ट्रोडचा डायोड तयार केला आणि ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ च्या सुमारास त्यात तिसरा इलेक्ट्रोड घातला; आजच्या हेडफोन अँप्लिफायरमधील ट्रायोड त्याच कल्पनेवर चालतो.

ट्रायोडचे वर्णन तीन आकड्यांत होते. पहिला प्रवर्धनांक, म्हणजे ट्यूब जास्तीत जास्त किती पट प्रवर्धन करू शकते. दुसरा ट्रान्सकंडक्टन्स, म्हणजे ग्रिडवरील एका व्होल्टच्या बदलामुळे प्लेटचा प्रवाह किती मिलिअँपिअरने बदलतो. तिसरा प्लेटचा अंतर्गत रोध. हे तीन आकडे आणि त्यांच्याभोवती सर्किटकाराने ठरवलेले दाब, प्रवाह व रोधक मिळून ध्वनी घडतो. एकाच क्रमांकाच्या दोन निरोगी ट्यूबमध्ये हे आकडे थोडेफार वेगळे असतातच, आणि चांगले सर्किट हा फरक गृहीत धरूनच आखलेले असते. सर्किटमध्ये नकारात्मक फीडबॅक (आउटपुटचा काही भाग उलटा करून पुन्हा आत देणे) असेल तर तो उरलासुरला फरकही दाबून टाकतो. त्यामुळे ‘ही ट्यूब उबदार वाजते, ती थंड वाजते’ असे विधान अँप्लिफायरचे नाव न सांगता केलेले असेल, तर त्यावर पैसे लावण्याइतका विश्वास ठेवू नये.

आधी अँप्लिफायर ओळखा

हेडफोन अँप्लिफायर साधारणपणे तीन प्रकारचे असतात, आणि ट्यूबवर किती खर्च करणे शहाणपणाचे आहे हे बहुतांशी या प्रकारावरूनच ठरते.

हायब्रिड प्रकारात ट्यूब केवळ सुरुवातीच्या टप्प्यात असते आणि हेडफोनला लागणारा प्रवाह ट्रान्झिस्टर किंवा आयसी पुरवतात. काही स्वस्त हायब्रिडमध्ये ट्यूबला प्लेटवर केवळ बारा ते चोवीस व्होल्ट मिळतात, जे तिच्या नेहमीच्या शंभर-दोनशे व्होल्टच्या तुलनेत फारच कमी आहेत. अशा ठिकाणी ट्यूब तिच्या माहितीपत्रकात दिलेल्या वर्तनापासून दूर काम करत असते, त्यामुळे तिथे नामांकित जुनी ट्यूब लावून तिच्या कीर्तीप्रमाणे आवाज मिळेल अशी अपेक्षा निराधार ठरते. अँप्लिफायरच्या किमतीएवढ्या ट्यूब त्यातच लावण्यापेक्षा तोच पैसा चांगल्या हेडफोनसाठी ठेवावा, असे मी स्पष्टपणे म्हणेन, कारण ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत पोहोचणाऱ्या फरकांत हेडफोनचा वाटा सर्वांत मोठा असतो.

दुसरा प्रकार आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा. यात ट्यूबचा मोठा अंतर्गत रोध आणि हेडफोनचा लहान इम्पिडन्स (एसी सिग्नलला होणारा रोध) यांचा मेळ ट्रान्सफॉर्मर घालतो. येथे आवाजाचा दर्जा ट्यूबइतकाच, किंबहुना तिच्याहून अधिक, त्या ट्रान्सफॉर्मरवर अवलंबून असतो, आणि तो काही सॉकेटमधून काढून बदलता येत नाही.

तिसरा प्रकार ट्रान्सफॉर्मरशिवायचा, ज्याला ओटीएल म्हणतात, आणि ट्यूबविषयीचे बहुतेक गैरसमज या प्रकाराभोवतीच आढळतात. त्यात आउटपुटला बहुधा ६एएस७जी, ६०८० किंवा सोव्हिएत ६एन१३एस ही जुळी ट्रायोड (एकाच काचेत दोन ट्रायोड) असते. ही ट्यूब मुळात स्थिर विद्युतदाब देणाऱ्या पॉवर सप्लायसाठी बनवली गेली होती. तिचा प्रवर्धनांक केवळ २ आहे, प्रत्येक अर्ध्या भागाचा अंतर्गत रोध सुमारे २८० ओहम आहे, आणि तिचा हीटर एकटाच २.५ अँपिअर प्रवाह घेतो. कॅथोड फॉलोअर म्हणून, म्हणजे आउटपुट प्लेटऐवजी कॅथोडवरून घेऊन, वापरल्यावर तिचा आउटपुट इम्पिडन्स ढोबळ हिशोबाने २८० भागिले ३ (प्रवर्धनांक अधिक एक), म्हणजे नव्वद ते शंभर ओहमच्या आसपास येतो. एका भागावर एक चॅनल चालवणाऱ्या आणि फारसा फीडबॅक नसलेल्या अँप्लिफायरचा हाच आकडा साधारणपणे धरता येतो.

या शंभर ओहमचा परिणाम हेडफोननुसार बदलतो. सेनहायझर एचडी६५० सारख्या ३०० ओहमच्या हेडफोनचा इम्पिडन्स सर्व वारंवारितांवर ३०० राहत नाही; खर्जात, शंभर हर्ट्झच्या जवळपास, तो पाचशे ओहमच्या घरात चढतो. अँप्लिफायरचे शंभर ओहम मध्ये आले की ३०० ओहमच्या ठिकाणी हेडफोनला दाबाचा तीनचतुर्थांश भाग मिळतो आणि ५०० ओहमच्या ठिकाणी पाचषष्ठांश. म्हणजे खर्ज सुमारे ०.९ डेसिबलने उठतो. ओटीएलचा जो ‘भरदार’ आवाज वाखाणला जातो, त्यातला बराचसा भाग याच गणितातून येतो, आणि तो ट्यूबवर छापलेल्या नावामुळे बदलत नाही. तोच अँप्लिफायर ३२ ओहमच्या हेडफोनला जोडला तर हेडफोनपर्यंत दाबाचा एकचतुर्थांशही पोहोचत नाही, ट्यूबवर नको इतका प्रवाहाचा ताण पडतो आणि विकृती वाढते. हा बेबनाव कोणतीही महागडी ट्यूब दूर करू शकत नाही. ओटीएलमध्ये ‘योग्य ट्यूब’ शोधण्यात खर्च होणारा पैसा पुष्कळदा खरे तर चुकीच्या हेडफोनची भरपाई करण्याच्या प्रयत्नात जात असतो.

येथे एका अपवादाचा उल्लेख करणे न्याय्य ठरेल. ५९९८ ही ट्यूब अनेक ओटीएल अँप्लिफायरमध्ये ६एएस७जीच्या जागी चालते, आणि तिची चढी किंमत केवळ कीर्तीपोटी नाही. तिचा प्रवर्धनांक ५.५ आहे आणि ट्रान्सकंडक्टन्सही बराच जास्त आहे, त्यामुळे आउटपुट इम्पिडन्स खरोखर कमी होतो. जास्त किमतीमागे असे मोजता येणारे विद्युत कारण असेल तर ती किंमत विचारात घेण्याजोगी असते; मात्र आपला अँप्लिफायर ती ट्यूब पेलतो, असे त्याच्या निर्मात्याने सांगितलेले असले पाहिजे.

क्रमांक वाचता आला पाहिजे

युरोपीय क्रमांकातील पहिले अक्षर हीटर सांगते. ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्ट आणि ‘पी’ म्हणजे एकामागोमाग जोडण्यासाठीचा ३०० मिलिअँपिअरचा हीटर. ‘सी’ म्हणजे ट्रायोड, त्यामुळे ‘ईसीसी’ म्हणजे ६.३ व्होल्टची जुळी ट्रायोड. अमेरिकी क्रमांकात सुरुवातीचा आकडा हीटरचा अंदाजे दाब दाखवतो, म्हणून ६एसएन७ चा हीटर ६.३ व्होल्टचा आणि १२एसएन७ चा १२.६ व्होल्टचा. ईसीसी८२ आणि १२एयू७, ईसीसी८३ आणि १२एएक्स७, ईसीसी८८ आणि ६डीजे८ या एकाच ट्यूबच्या दोन नावांच्या जोड्या आहेत. विक्रीच्या यादीत अनेकदा एकच नाव दिलेले असते, आणि दुसऱ्या नावाने शोधल्यावर तीच ट्यूब कमी किमतीत मिळून जाते.

नऊ पिनांची ट्यूब सॉकेटमध्ये बसली म्हणून ती चालतेच असे नाही, हे मात्र पक्के लक्षात ठेवावे. १२एयू७ मध्ये हीटरच्या मधला जोड नवव्या पिनेवर येतो, तर ६डीजे८ मध्ये हीटर चौथ्या-पाचव्या पिनेवर असून नववी पिन आतील पडद्याची असते. त्यामुळे या दोन्हींची अदलाबदल करता येत नाही. १२एएक्स७ आणि १२एयू७ यांच्या पिना तंतोतंत सारख्या आहेत, पण एकीचा प्रवर्धनांक १०० आणि दुसरीचा वीसच्या खाली आहे, शिवाय पहिली ट्यूब फार थोडा प्रवाह देऊ शकते. १२एयू७ साठी आखलेल्या सर्किटमध्ये १२एएक्स७ लावल्यास आवाज मोठा आणि खरखर अधिक, एवढेच बहुधा हाती लागते. सोव्हिएत ६एन१पी ही ६डीजे८ च्या जागी पुष्कळदा सुचवली जाते, परंतु तिचा हीटर ६०० मिलिअँपिअर घेतो, तर ६डीजे८ चा ३६५ आणि तिच्याच प्रकारातल्या ६९२२ चा ३०० घेतो. अँप्लिफायरच्या पॉवर ट्रान्सफॉर्मरला हा जादा भार सोसत नसेल तर तो हळूहळू तापत राहतो आणि बिघाड काही महिन्यांनी उघडकीस येतो. रेक्टिफायर, म्हणजे एसीचे डीसी करणाऱ्या, ट्यूबबाबतही तेच. जीझेड३४ चा हीटर १.९ अँपिअर घेतो, ५यू४जी चा ३ अँपिअर. दोन्ही पाच व्होल्टच्या आणि दोन्हींचा सॉकेट एकच असला तरी पहिलीसाठी बनवलेल्या यंत्रात दुसरी निर्धास्तपणे लावता येत नाही.

हे नियम समजले की काटकसरीची दारे उघडतात. ६एसएन७ ला मोठी मागणी असल्यामुळे तिच्या जुन्या प्रती महाग आहेत, पण ६सीजी७ ही नऊ पिनांची ट्यूब विद्युतदृष्ट्या जवळजवळ तीच आहे आणि साध्या अडॅप्टरवर बसते. सोव्हिएत ६एन८एस तर थेट ६एसएन७ च्याच सॉकेटमध्ये चालते. १२एयू७ च्या कुटुंबात ५८१४ए, ५९६३ आणि ६१८९ हे औद्योगिक क्रमांक आहेत. त्यांतील ५८१४ए चा हीटर थोडा अधिक प्रवाह घेतो एवढे ध्यानात ठेवावे. ६डीजे८ साठी ६एन२३पी आणि ६एएस७जी साठी ६एन१३एस हे सोव्हिएत पर्याय आहेत. कमी परिचित क्रमांकांची किंमत कमी असते ती त्या निकृष्ट असतात म्हणून नव्हे, तर त्यांच्या शोधात असलेले लोक कमी असतात म्हणून. काटकसरीने घ्यायचे असेल तर शोध येथूनच सुरू करावा.

नव्या ट्यूब, जुन्या ट्यूब आणि नावांचा घोळ

आज नव्या ट्यूब मोजक्याच ठिकाणी बनतात. रशियातील सारातोव्ह, स्लोव्हाकियातील जेजे इलेक्ट्रॉनिक आणि चीनमधील काही कारखाने ही त्यांतील प्रमुख ठिकाणे. सारातोव्हच्या एकाच कारखान्यातील ट्यूब इलेक्ट्रो-हार्मोनिक्स, सोव्हटेक, टंग-सोल, मुलार्ड आणि जेनालेक्स गोल्ड लायन अशा निरनिराळ्या नावांनी विकल्या जातात. म्हणजे आज नव्या खोक्यावर ‘मुलार्ड’ दिसले तर ती इंग्लंडमधील ब्लॅकबर्नच्या जुन्या कारखान्यातील ट्यूब नसते. नाव विकत घेतलेले असते. ट्यूब म्हणून ती वाईट नाही, पण जुन्या मुलार्डच्या कीर्तीसाठी तिला जास्त पैसे देण्याचे कारण उरत नाही. २०२२ मध्ये रशियाच्या निर्यातबंदीमुळे पुरवठा काही काळ विस्कळीत झाला आणि भीतीपोटी खरेदी वाढली. अशा काळात साठा करण्यासाठी धावू नये, कारण सिग्नल ट्यूब (सुरुवातीच्या टप्प्यातील लहान ट्यूब) हजारो तास टिकतात आणि एका अँप्लिफायरला लागतात किती, तर दोन किंवा तीन.

जुन्या काळीही कारखाने एकमेकांसाठी ट्यूब बनवून देत आणि छपाई वेगळ्या नावाने होत असे. त्यामुळे छापलेल्या नावापेक्षा काचेवर कोरलेले संकेत आणि आतील धातूची रचना जास्त विश्वासार्ह असते. फिलिप्स समूहाच्या ट्यूबवर तळाशी दोन ओळींचा संकेत कोरलेला असतो, ज्यात त्रिकोणाचे चिन्ह हॉलंडमधील हेरलेनचे आणि ‘बी’ हे अक्षर ब्लॅकबर्नचे. हेरलेनमध्ये बनलेली तीच ट्यूब अँपेरेक्स या नावाने महाग आणि एखाद्या विस्मृत मापनयंत्र-कंपनीच्या नावाने स्वस्त मिळू शकते. उलट टेलिफुंकेन या जर्मन कंपनीच्या ट्यूबच्या तळाच्या काचेतील हिऱ्याच्या आकाराच्या खुणेची नक्कल झालेली आहे, म्हणून केवळ एका खुणेवर मोठी रक्कम मोजणे धोक्याचे.

विकणाऱ्याला काय विचारावे

‘न वापरलेली जुनी’ या शब्दांना मापाशिवाय काहीही अर्थ नाही. टेस्टरवर आलेला आकडा, त्या टेस्टरवर नव्या ट्यूबसाठी अपेक्षित असलेला आकडा, आणि जुळ्या ट्रायोडच्या दोन्ही भागांचे स्वतंत्र आकडे ही माहिती मागावी. ती मिळत नसेल आणि परत करण्याची सोयही नसेल, तर कितीही आकर्षक किंमत असली तरी पुढे जावे. एकच ट्यूब दोन्ही चॅनल चालवत असेल तर तिच्या दोन भागांतील समतोल महत्त्वाचा. प्रत्येक चॅनलला वेगळी ट्यूब असेल तर दोन ट्यूबमधील. ६एएस७जी सारख्या नियामक ट्यूबमध्ये दोन भाग बरेच वेगळे निघतात, कारण मूळ वापरात त्यांच्या समतोलाची गरज नव्हती. सिग्नल ट्यूबच्या बाबतीत मात्र ‘जुळवलेली जोडी’ म्हणून आकारले जाणारे जादा पैसे बहुधा अनावश्यक असतात, कारण दोन चॅनलमधील तेवढाच किंवा त्याहून मोठा फरक व्हॉल्यूमच्या पोटेन्शिओमीटरमुळेच पडू शकतो.

काचेच्या आतील चकाकता रुपेरी डाग, म्हणजे गेटर, पांढरा झालेला असेल तर आत हवा शिरली आहे आणि ट्यूब निकामी आहे. डागाचा आकार लहान-मोठा असणे हा दोष नव्हे.

खर्च खरोखर सार्थकी लागतो तो शांत ट्यूबवर. स्पीकर काही फुटांवर असतो आणि त्याच्यातील बारीक सळसळ खोलीत विरून जाते. हेडफोन कानाला लागून असतो, म्हणून तीच सळसळ, घुमघुम किंवा धक्का लागल्यावर येणारा घंटेसारखा नाद थेट ऐकू येतो. या शेवटच्या दोषाला मायक्रोफोनिक म्हणतात, आणि आतील ग्रिड कंपन पावल्यामुळे तो होतो. व्हॉल्यूम कमी ठेवून पेन्सिलच्या रबरी टोकाने ट्यूबवर अलगद टिचकी मारली तर तो कळतो. किंचित नाद येणे सामान्य आहे, लांबत जाणारा नाद नाही. पहिल्या टप्प्यातील ट्यूबचा गोंगाट पुढे वाढत जातो, म्हणून कमी गोंगाटासाठी निवडून दिलेली ट्यूब जादा पैसे देऊन घ्यायची असेल तर ती याच जागी लावावी. एखाद्या चॅनलमध्ये खरखर येत असेल आणि अँप्लिफायरमध्ये दोन सारख्या ट्यूब असतील, तर आधी त्यांची डावी-उजवी अदलाबदल करावी. खरखर दुसऱ्या बाजूला गेली तर दोष ट्यूबचा, जागीच राहिली तर सॉकेटचा किंवा सर्किटचा. पिना आणि सॉकेट स्वच्छ केल्याने जी खरखर जाते, तिच्यासाठी अनेकांनी नवी ट्यूब घेतलेली असते.

दोन ट्यूब ऐकून तुलना करायची असेल तर पातळी समान हवीच, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमी ‘अधिक स्पष्ट’ वाटतो. हेडफोन जोडलेला ठेवून दोनशे हर्ट्झच्या आसपासचा स्थिर स्वर वाजवावा आणि आउटपुटवरचा एसी दाब मल्टिमीटरने मोजावा. साधे मल्टिमीटर या वारंवारितेवर ठीक चालतात, उच्च वारंवारितेवर त्यांचा भरवसा नसतो. दोन्ही वेळचे आकडे एका टक्क्याच्या आत आणले की फरक ०.१ डेसिबलच्या आत येतो. ट्यूब थंड होऊन दुसरी तापेपर्यंत काही मिनिटे जातात आणि ध्वनीची सूक्ष्म आठवण तेवढी टिकत नाही. म्हणून दोन्ही ट्यूबसह अँप्लिफायरचे आउटपुट ध्वनिमुद्रित करून, कोणते मुद्रण कोणत्या ट्यूबचे हे न पाहता ऐकणे अधिक खात्रीचे. फरक ओळखता आला नाही तर स्वस्त ट्यूब ठेवून घ्यावी आणि महागडी परत करावी.

ट्यूब बदलताना सुरक्षिततेकडे दुर्लक्ष होऊ देऊ नये. प्लग काढल्यानंतरही आतील कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट काही काळ टिकून राहू शकतात, म्हणून अँप्लिफायरचे आवरण उघडू नये, आणि ट्यूब पूर्ण थंड झाल्यावरच सरळ वर ओढून काढावी. नवी ट्यूब लावल्यावर पहिली काही मिनिटे हेडफोन कानावर न घेता तिच्याकडे लक्ष ठेवावे. हीटर नारिंगी दिसणे योग्यच आहे. पण बाहेरची प्लेट स्वतः लाल होऊ लागली तर अँप्लिफायर त्याच क्षणी बंद करावा. आधीची ट्यूब पुन्हा लावल्यावरही तसेच झाले, तर दोष बहुधा दोन टप्प्यांमधल्या गळक्या कपलिंग कपॅसिटरचा किंवा बिघडलेल्या बायसचा (ग्रिडच्या स्थिर दाबाचा) असतो, आणि तो जाणकाराकडून दुरुस्त करून घेईपर्यंत लावलेली प्रत्येक ट्यूब तशीच तापून खराब होते.